काडी, साल आणि आलेख : औषधी वनस्पतींच्या रासायनिक विश्लेषणाचा आढावा

औषधी वनस्पतीच्या रासायनिक विश्लेषणात तीन प्रश्न असतात. हाती आलेला माल नेमका कोणत्या वनस्पतीचा आहे? त्यात कोणती द्रव्ये किती प्रमाणात आहेत? आणि त्यांपैकी कोणत्या द्रव्याचा शरीरावर परिणाम होतो? पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राचा, दुसरा रसायनशास्त्राचा आणि तिसरा औषधशास्त्राचा. ते याच क्रमाने सोडवावे लागतात. पहिल्याचे उत्तर चुकले, तर पुढच्या दोन्ही उत्तरांत दशांशानंतरचे कितीही आकडे दिले तरी ती निरुपयोगी ठरतात.

हा विषय पालघर जिल्ह्यात जवळून पाहता येतो. पालघर तालुक्यातील कुंभवली हे गाव तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहे. वसाहतीत मूळ औषधद्रव्ये आणि रसायने बनवणारे अनेक कारखाने आहेत. त्यामुळे बोईसर परिसरात ‘क्यूसी’, ‘एचपीएलसी’, ‘स्टँडर्ड’ आणि ‘बॅच’ हे शब्द पाळीला जाणाऱ्या केमिस्टांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. तिथे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि मल्हार कोळी समाजांत गुळवेल, कुडा, अडुळसा, हिरडा आणि बेहडा यांचे ज्ञान भगत, सुईणी आणि घरातली जाणती माणसे यांच्याकडे चालत आले आहे. औषधी वनस्पतीचे विश्लेषण नीट व्हायचे, तर ही दोन्ही ज्ञाने लागतात.

पूर्वपीठिका

वनस्पतीतून औषधी द्रव्य वेगळे काढण्याचे काम पश्चिम भारतात एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. कुड्याच्या सालीतील कोनेसिन हे अल्कलॉइड मुंबईतील डॉ. हेन्स यांनी १८५८ साली वेगळे केले. पुढे १८६४ मध्ये स्टेनहाउस यांनी बियांतून, म्हणजे इंद्रजवातून, तेच द्रव्य काढले आणि ते ‘राइटिन’ या नावाने ओळखले गेले. दोन नावांमागे झाडाच्या नावाचा घोळ होता. पांढरा कुडा, म्हणजे होलऱ्हीना, त्या काळी राइटिया या प्रजातीत धरला जाई. खऱ्या राइटियाला मराठीत काळा कुडा म्हणतात आणि त्याच्या बिया ‘गोडे इंद्रजव’ म्हणून विकल्या जातात. त्यांत कोनेसिन नसते.

१८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी अडुळशाच्या पानांतून व्हॅसिसिन काढले. मुंबईच्या विल्यम डिमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ सिद्ध केला. बाजारात काय विकले जाते, त्याचे स्थानिक नाव काय आणि त्याचे रसायन काय, अशी तिहेरी नोंद त्यात आहे. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे आणि वामन गणेश देसाई यांच्या ग्रंथांनी वनस्पतींच्या गुणधर्मांची माहिती वैद्य आणि सामान्य वाचक दोघांपर्यंत नेली.

विसाव्या शतकातले सर्वांत गाजलेले उदाहरण सर्पगंधेचे. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून अजमलिन आणि इतर अल्कलॉइडे वेगळी केली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील तिच्या वापराचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रेसरपिन मिळाले. आधी वापर, मग रुग्णांवरील निरीक्षण आणि शेवटी द्रव्याचा शोध असा हा प्रवास होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीसह अनेक वनस्पतींवर केलेले काम याच परंपरेतले.

ओळख : पहिली पायरी

गुळवेलीचे एक संस्कृत नाव ‘चक्रलक्षणिका’ असे आहे. पक्व खोडाची काडी आडवी कापली की त्याचा अर्थ दिसतो. मधल्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रुंद फिकट पट्ट्या आणि त्यांमधले काष्ठाचे पाचरीसारखे भाग मिळून चाकाच्या आऱ्यांसारखी आकृती तयार होते. ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी पुन्हा उगवणारी, हे दुसरे नाव वेलीचा स्वभाव सांगते. ही नावे म्हणजे एका अर्थी ओळखीच्या कसोट्याच आहेत.

तरीही घोटाळा होतो. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही औषधी गुळवेल. टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांच्या खालच्या बाजूला लव असते. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि बोरापेटोसाइड गटातील द्रव्ये हे तिचे वैशिष्ट्य आहे. काड्या वाळून, तुकडे होऊन पोत्यात भरल्या की पान जाते आणि साल आक्रसते, मग नुसत्या नजरेने भेद करणे अवघड होते.

त्या वेळी सूक्ष्मदर्शक कामी येतो. भुकटीतले पिठूळ कण, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, पानावरची रंध्रे, केसांचे प्रकार आणि तंतूंची रचना यांवरून वनस्पती ओळखता येते. शंका उरली तर वाळवून दाबलेला नमुना वनस्पतिसंग्रहातील नमुन्याशी ताडून पाहतात. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियम, तर पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था यांचे संग्रह त्यासाठी उपयोगी पडतात. ज्या झाडाचा भाग तपासला, त्याचाच दाबलेला नमुना क्रमांक घालून जपून ठेवणे हा चांगल्या अभ्यासाचा किमान नियम आहे.

पांढऱ्या आणि काळ्या कुड्याचा भेद जव्हार-मोखाड्यातल्या माणसाला शेंगांवरून कळतो. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. बाजारात मात्र साल येते, शेंग येत नाही. म्हणून तोडणाऱ्याने तोडतानाच केलेली नोंद प्रयोगशाळेतील कित्येक चाचण्या वाचवते.

तोडणी, वाळवण आणि प्राथमिक कसोट्या

द्रव्याचे प्रमाण ऋतू, वेलीचे वय, जमीन आणि वाळवण यांनुसार बदलते. अडुळशाचे व्हॅसिसिन हवेतील ऑक्सिजनने हळूहळू व्हॅसिसिनोनमध्ये बदलते. त्यामुळे ताज्या पानांचा आणि जुन्या साठ्याचा निकाल सारखा येत नाही. सुगंधी वनस्पती कडक उन्हात वाळवल्या तर तेल उडून जाते. जाड काड्या ओल्या राहिल्या तर बुरशी धरते. पावसाळी कोकणपट्टीत ही अडचण नेहमीची आहे.

वाळलेला माल प्रयोगशाळेत आला की आधी साध्या, स्वस्त चाचण्या होतात. वाळवल्यावर होणारी वजनघट ओलावा सांगते. भट्टीत जाळून उरलेली एकूण राख खनिजांचे प्रमाण दाखवते. ती राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळल्यावर जे विरघळत नाही, ती बहुतेक माती आणि वाळू असते. मुळ्या न धुता वाळवल्या, की हा आकडा लगेच चढतो. पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये किती भाग उतरतो, तेही मोजतात. १९८९ पासून प्रसिद्ध होत असलेल्या भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात प्रत्येक वनस्पतीसाठी या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. महागड्या यंत्राची वेळ येण्यापूर्वीच नाकारण्याजोगा बराच माल इथे बाजूला निघतो.

अर्क काढणे

आयुर्वेदातील स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट या पाच कषायकल्पना म्हणजे पाच प्रकारचे निष्कर्षणच आहे. हिमात थंड पाणी, फांटात गरम पाणी, काढ्यात उकळणे. आसव-अरिष्टात धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबवण होऊन अल्कोहोल तयार होते आणि पाण्यात सहज न उतरणारी काही द्रव्येही त्यात येतात. प्रयोगशाळेत हेच काम हेक्झेन, क्लोरोफॉर्म, इथिल ॲसिटेट, मिथेनॉल आणि पाणी अशा वाढत्या ध्रुवीयतेच्या द्रावकांनी करतात. हेक्झेनमध्ये मेद आणि मेण, मधल्या द्रावकांत टर्पिनॉइड आणि अनेक अल्कलॉइडे, तर मिथेनॉल आणि पाण्यात ग्लायकोसाइड, टॅनिन आणि शर्करा उतरतात. १८७९ पासून वापरात असलेले सॉक्सलेट उपकरण आजही महाविद्यालयांत दिसते. त्याच्या जोडीला ध्वनिलहरींचे आणि दाबाखालील कार्बन डायऑक्साइडचे निष्कर्षण आले आहे.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. लोक जे पितात ते मिथेनॉलमधील अर्क नसतो. हिरडा उकळला की त्यातील चेबुलिनिक आणि चेबुलाजिक आम्लांचे अंशतः विघटन होते आणि गॅलिक आम्ल वाढते. म्हणजे काढ्याचे रसायन सालपटाच्या भुकटीपेक्षा वेगळे असते. गुळवेल सत्त्व करताना काड्या ठेचून पाण्यात कुस्करतात आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. तो मुख्यतः स्टार्च असतो आणि पाण्यात विरघळणारी कडू द्रव्ये बरीचशी ओतलेल्या पाण्याबरोबर जातात. काडीवरचा निकाल सत्त्वाला लावणे म्हणून चूक ठरते. ज्या रूपात औषध घेतले जाते, त्याच रूपाचे विश्लेषण व्हायला हवे.

गट ओळखणाऱ्या चाचण्या

परीक्षानळीतल्या जुन्या चाचण्या द्रव्यांचा गट सांगतात. अल्कलॉइड असेल तर मेयर अभिकारकाने पांढुरका आणि ड्रॅगेनडॉर्फ अभिकारकाने नारिंगी साका येतो. फेरिक क्लोराइडने टॅनिनचा निळा-काळा किंवा हिरवट रंग येतो. मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने फ्लॅव्होनॉइडचा गुलाबी-लाल रंग दिसतो. पाण्यात हलवल्यावर टिकून राहणारा फेस सॅपोनिनची खूण मानतात. या चाचण्यांची मर्यादाही स्पष्ट आहे. त्या गट सांगतात, द्रव्य सांगत नाहीत, प्रमाण तर नाहीच. तरीही ‘अल्कलॉइड आहे, टॅनिन आहे, सॅपोनिन आहे’ अशा तक्त्यावर थांबणारे प्रबंध अजून लिहिले जातात. बहुतेक हिरव्या वनस्पतींत यांपैकी बरेच काही सापडतेच, म्हणून अशा तक्त्यातून नवे काही कळत नाही.

विलगीकरण : पट्टी आणि स्तंभ

मिश्रणातली द्रव्ये वेगळी करण्याचे मुख्य साधन म्हणजे वर्णलेखन, अर्थात क्रोमॅटोग्राफी. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीच्या स्तंभातून पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली. आजची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

वनस्पतींच्या कामात एचपीटीएलसी ही पद्धत विशेष सोयीची आहे. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर एका ओळीत अनेक नमुने रेघांच्या रूपात लावतात. पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगाने सरकते. मग पट्टी अतिनील दिव्याखाली धरतात. ३६६ नॅनोमीटरच्या प्रकाशात बर्बेरिन हे अल्कलॉइड पिवळे चमकते. शेजारीशेजारी अस्सल नमुना, बाजारातला माल आणि शुद्ध प्रमाणद्रव्य लावले की फरक डोळ्यांनाच दिसतो. पट्ट्यांची ही रांग म्हणजे वनस्पतीचा ठसा. एका पट्टीवर अनेक नमुने बसत असल्याने खर्चही आटोक्यात राहतो.

अचूक प्रमाण मोजायचे तर एचपीएलसी वापरतात. बारीक कणांनी भरलेल्या स्तंभातून दाबाने द्रव ढकलला जातो, द्रव्ये वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि डिटेक्टर प्रत्येकाचे शिखर काढतो. शिखराचे क्षेत्रफळ प्रमाणद्रव्याशी ताडून टक्केवारी मिळते. तारापूरच्या कारखान्यात एका शुद्ध द्रव्याची बॅच तपासणाऱ्या केमिस्टाला हे यंत्र परिचयाचे असते. वनस्पतीचा अर्क मात्र शेकडो द्रव्यांचे मिश्रण असतो. शिखरे एकमेकांवर चढतात, एकाच वेळी दोन द्रव्ये बाहेर येतात, आणि स्तंभही लवकर खराब होतो.

कुड्याची साल याचा चांगला धडा देते. कारखान्यातल्या सवयीने डिटेक्टर २५४ नॅनोमीटरवर लावून सालीचा अर्क सोडला, तर कोनेसिनचे शिखर जवळजवळ दिसत नाही. त्या रेणूत त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषणारी संयुग्मित बंधांची रचनाच नाही. तोच अर्क अमोनियाने अल्कधर्मी करून क्लोरोफॉर्ममध्ये घेतला, पट्टीवर चालवला आणि ड्रॅगेनडॉर्फ फवारला, की नारिंगी पट्टा उठून दिसतो. वस्तुमान वर्णपटमापक जोडला तर कोनेसिन रेणुभारावरूनही सापडते. डिटेक्टरला दिसले नाही, म्हणून द्रव्य नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

यंत्राच्या यादीवर किती विसंबावे

जीसी-एमएस हे यंत्र उडणाऱ्या द्रव्यांसाठी, म्हणजे ओवा, तुळस, वेखंड यांच्या तेलांसाठी उत्तम. पण त्यात मिथेनॉलचा संपूर्ण अर्क सोडून संगणकाच्या ग्रंथालयाने सुचवलेली ५०-६० नावे जशीच्या तशी छापण्याची प्रथा पडली आहे. न उडणारी ग्लायकोसाइड आणि टॅनिन या यंत्रातून बाहेरच येत नाहीत. यादीत थॅलेट गटातील संयुगे दिसली, तर ती बहुधा प्लास्टिकच्या बाटल्या, नळ्या किंवा द्रावक यांतून आलेली असतात. तीच वनस्पतीची ‘जैवसक्रिय द्रव्ये’ म्हणून नोंदवली जातात. ग्रंथालयाची जुळणी हा अंदाज असतो. तो प्रमाणद्रव्याने, धारणकाल निर्देशांकाने किंवा द्रव्य शुद्ध करून एनएमआरने पडताळावा लागतो.

सक्रियतेच्या चाचण्यांचेही तसेच. डीपीपीएच या जांभळ्या द्रावणाचा रंग उडाला म्हणजे अर्कात इलेक्ट्रॉन देणारी द्रव्ये आहेत, एवढेच सिद्ध होते. चहाही तो रंग उडवतो. शरीरात ते द्रव्य शोषले जाते का, यकृतातून जाताना टिकते का, हे त्यावरून कळत नाही. हळदीतील कुर्क्युमिन हे त्याचे ठळक उदाहरण. परीक्षानळीत ते अनेक चाचण्यांत क्रियाशील दिसते, पण शरीरात फार थोडे शोषले जाते आणि लवकर मोडते.

भरवशाचा मार्ग लांबचा आहे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची जैविक चाचणी घ्यायची, जो भाग काम करतो त्याचेच पुन्हा भाग पाडायचे, आणि शेवटी एका द्रव्यापर्यंत पोचायचे. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाला १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन असेच मिळाले. गुळवेलीबाबत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रतिकारक्षमतेवर परिणाम करणारे एक अरॅबिनोगॅलॅक्टन वर्णिले. ते बहुशर्करा गटातले आहे. बर्बेरिन किंवा कॉर्डिफोलिओसाइड मोजणाऱ्या नेहमीच्या एचपीएलसीला ते दिसतच नाही. म्हणून मोजमापासाठी निवडलेल्या, म्हणजे ‘मार्कर’ द्रव्याची टक्केवारी ओळखीची आणि सातत्याची खूण ठरते. औषधाच्या ताकदीचे माप म्हणून ती वाचता येत नाही.

दूषिते

वनस्पती जमिनीतून आणि हवेतून नको ते पदार्थही घेते. आयुर्वेदिक औषधांसाठी भारतीय मर्यादा शिशासाठी १० पीपीएम, आर्सेनिकसाठी ३, पाऱ्यासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ पीपीएम अशी आहे. हे मोजायला अणुशोषण मापक किंवा आयसीपी-एमएस लागतो. त्याशिवाय कीटकनाशकांचे अवशेष, बुरशीतून येणारी अफ्लाटॉक्सिन आणि जंतुसंख्या तपासतात. कारखान्यांच्या सांडपाण्याचे नाले, हमरस्ते आणि रेल्वेमार्ग यांच्या कडेची वेल औषधासाठी तोडू नये, हा संकलनाचा सर्वमान्य नियम आहे. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावांना तो जास्त लागू पडतो. वेल अस्सल असली आणि मार्कर भरपूर असला, तरी धातूच्या चाचणीत ती नापास होऊ शकते.

गुळवेलीचा वाद

या सगळ्याची कसोटी करोनाकाळात लागली. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घरोघरी सुरू झाला. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांच्या संस्थेने गुळवेल गोळा करून मोठ्या औषधकंपन्यांना पुरवली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासायला हवे होते, असा त्याचा आशय होता. पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि मिळालेल्या नमुन्यांचे रासायनिक विश्लेषणही केले. त्यातील अनेक रुग्णांत स्वप्रतिकारक यकृतदाहाची लक्षणे आढळली. प्रतिकारयंत्रणा चाळवणारी वनस्पती अशा प्रकृतीच्या माणसाला त्रासदायक ठरू शकते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. वनस्पतीची खातरजमा, मात्रा, कालावधी आणि रुग्णाची प्रकृती, यांपैकी कोणतीही एक गोष्ट सोडून अशा वादाचा निकाल लागत नाही.

रानाची किंमत

विश्लेषणाचा निकाल जंगलातही परततो. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून काढले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते पश्चिम घाटातील एका झाडात सापडले. सह्याद्रीत त्याला नरक्या म्हणतात. त्यानंतर नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. सर्पगंधेवरही अशीच वेळ आली आणि १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. म्हणून मूळ किंवा साल यांतील द्रव्य पानांत किंवा फांद्यांत मिळते का, हे पाहणे हाही आज विश्लेषणाचा भाग आहे.

ज्ञानाच्या मालकीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांच्या पातळीवर व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. कुंभवलीची ग्रामपंचायत असो की मोखाड्याची नगरपंचायत, कोणती वनस्पती कुठे वाढते आणि लोक ती कशासाठी वापरतात, याची अधिकृत नोंद तिथेच व्हायची असते.

निष्कर्ष

तंत्राची उणीव आता फारशी नाही. एचपीटीएलसी, एचपीएलसी आणि वस्तुमान वर्णपटमापक ही यंत्रे मुंबई-पुण्यात आहेत, आणि ती चालवणारे हात बोईसर-तारापूरमध्ये रोज कामावर जातात. उणीव नमुन्याच्या कुळकथेची आहे. वनस्पतीचे स्थानिक आणि शास्त्रीय नाव, तोडलेला भाग, ठिकाण, तारीख, वाळवण्याची रीत आणि जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक, एवढी चिठ्ठी प्रत्येक पिशवीला बांधली तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ येतो. ती चिठ्ठी लिहिण्याइतकी माहिती जव्हार-मोखाड्यात काडी तोडणाऱ्याकडे आजही आहे. प्रयोगशाळेने ती त्याच्याकडून मागून घ्यावी, आणि निकाल आला की तो त्याच्यापर्यंत पोचवावा.